हातातील सुपारी आणि खिशातील गणकयंत्र



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी पुण्यास ती सुरू केली आणि तेथून ती गावोगाव पसरली. उन्हाळ्याच्या संध्याकाळी इतिहास, काव्य, अध्यात्म आणि राजकारण यांवर बोलणारे वक्ते महाराष्ट्राने पुष्कळ ऐकले. गणितावर कोणी बोलणार असे कळले म्हणजे मात्र श्रोते दाराजवळच्या खुर्च्या पसंत करतात, हे आम्ही जाणून आहोत. तरीही हा विषय आपणांपुढे मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. कारण आज येथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी, निदान शेजारी, शाळेत जाणारे एखादे मूल आहे. त्या मुलाच्या दप्तरात गणिताचे पुस्तक आहे आणि घरातल्या मोठ्यांच्या खिशात गणकयंत्र आहे. पुस्तक आणि यंत्र या दोघांची गाठ कधी घालून द्यावी, कशी घालून द्यावी, की घालूच नये, हा आजचा प्रश्न.

प्रथम एक आकडा सांगून मोकळे होतो. 'असर' नावाची पाहणी देशाच्या ग्रामीण भागात २००५ पासून केली जाते. मुलांच्या घरी जाऊन, त्यांच्याजवळ बसून, त्यांना वाचता काय येते आणि हिशेब काय येतो ते पाहिले जाते. २०२४ च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले दर दहांत जेमतेम तीन निघाली. उरलेली सात मुले मंद आहेत, असे कोणी म्हणू नये. हीच मुले क्रिकेटच्या धावांची सरासरी बोलता बोलता सांगतात. जेट्टीवर आईबरोबर बसलेली कोळ्याची मुलगी मासळीच्या वाट्याचा भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडी हिशेबाने गप्प करते. तीच मुलगी फळ्यासमोर उभी राहिली की अडते. बाजारात जे तिच्या मालकीचे असते, ते शाळेत परके कसे होते? आणि दहाव्या वर्षी एकदा 'गणित आपल्यासाठी नाही' असे मुलाने ठरविले, की पुढे शास्त्र, तंत्र, व्यापार, नोकरीच्या परीक्षा, असे किती दरवाजे त्याच्यासाठी मुकाट्याने बंद होतात! आमच्या मते गणिताच्या तासाला खरोखर पणाला लागते ते हे.

यावर उपाय सांगताना आम्ही दोन वस्तूंची नावे घेणार आहोत. एक, मुलांच्या हाताला लागणारे साहित्य: बिया, काड्या, सुतळी, कागद. दुसरी, गणकयंत्र. पहिलीला कोणी हरकत घेत नाही, फक्त कोणी ती आणीत नाही. दुसरीचे नाव काढताच सभेत कुजबुज होते. "यंत्र हाती दिले की पोरे पाढे विसरतील," असे आजोबा म्हणतात. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेणार नाही. त्याचा विचार केलाच पाहिजे.

आपल्याकडे अंकगणिताला पाटीगणित म्हणत. पाटीवर धूळ पसरावी, बोटाने आकडे लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, हे त्याचे साधन. १९५० सालापूर्वी आठशे वर्षे, म्हणजे ११५० साली भास्कराचार्यांनी 'लीलावती' सिद्ध केली, त्या काळी गणिताला नाव मिळाले तेच मुळी साधनावरून. पुढे दगडी पाटी आली, मग कागद आला. १६१४ साली नेपियरने लॉगॅरिथमची कोष्टके छापली. १६४२ साली पास्कल नावाच्या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच मुलाने, करवसुलीचे हिशेब करता करता वडील थकतात हे पाहून, दात्यांच्या चाकांचे बेरजेचे यंत्र करावयास घेतले. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण हवे असेल तर केरो लक्ष्मण छत्रे यांचे आहे. अलिबागेजवळच्या नागावी १८२५ साली जन्मलेले हे केरूनाना पुढे पुण्यास प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळकांसारखा विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाला. १८६० साली त्यांनी 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली. कोष्टके कशासाठी? एकाने एकदा कष्ट करून आकडे काढून ठेवावेत, म्हणजे दुसऱ्याने ती मोड पुन्हा पुन्हा करू नये, यासाठी. कोष्टक हे त्या काळचे गणकयंत्रच होते. केरूनानांनी कोष्टके केली म्हणून पंचांगकर्त्यांची बुद्धी गंजली, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आता पाढ्यांविषयी. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ केले. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, हे आज समोरच्या बाकावर बसलेल्या मुलांना सांगावे लागेल. ते पाढे उगीच नव्हते. रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै होते. शेर, पावशेर, अदपाव अशी मापे होती. पाव आणि सव्वा जिभेवर नसते, तर बाजारात पाऊल टाकणे कठीण. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि औटकी घरोघर विरून गेली. तीबरोबर बुद्धी विरून गेली नाही. व्यवहार बदलला तसे पाठांतर बदलले. यावरून दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. बे ते वीसचे पाढे आजही लागतात, ते पाठ असलेच पाहिजेत, त्यात आम्ही सवलत मागत नाही. परंतु कोणते पाठांतर कशासाठी, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने विचारावा लागतो.

आता हाताकडे वळू. पहिली-दुसरीच्या मुलाला आपण बेरीज शिकवितो आणि म्हणतो, "सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक." मूल आपल्या हाताकडे पाहते. हातात काही नसते! तो एक म्हणजे वस्तुतः दहा आहेत, हे त्याला कोणी दाखविलेले नसते. नारळाच्या झावळीचे हीर घ्या. आपल्या वाड्यांत त्यांना तोटा नाही. एकसारखे तुकडे करून मुलांपुढे टाका. दहा तुकडे झाले की जुडी बांधायची, दहा जुड्या झाल्या की मोळी बांधायची, एवढा एकच नियम. सात हीर आणि आठ हीर एकत्र आले की मूल आपण होऊन एक जुडी बांधते आणि पाच सुटे ठेवते. हातचा एक खरोखरीच हातात येतो. बावन्नातून सदतीस वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते एक जुडी सोडते. फळ्यावर ज्या जागी मुले वर्षानुवर्षे अडखळतात, ती जागा अशी दोन दिवसांत ओलांडली जाते. जुडी बांधणे आणि सोडणे हे बोटांना कळले, की आकड्यांतही ते कळते.

हा विचार आमचा नव्हे आणि नवाही नव्हे. याच किनाऱ्यावर, उत्तरेस बोर्डीला, ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बालशिक्षणाचे केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीबाईंच्या पद्धतीची साधने परदेशी आणि महाग. आदिवासी वस्तीतल्या बालवाडीला ती कोठून परवडणार? म्हणून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून शिक्षणाची साधने उभी केली. श्रीवर्धनची शाळा याबाबतीत मुंबईच्या शाळेपेक्षा श्रीमंत आहे. येथे वाळूत शिंपले आहेत, परसात चिंचोके आहेत, आणि ज्या रोठा सुपारीने या गावाचे नाव बाजारपेठांतून नेले ती सुपारी आहे.

आता यंत्राकडे. १९७२ साली खिशात मावणारे 'एचपी ३५' हे शास्त्रीय गणकयंत्र अमेरिकेत विक्रीस आले तेव्हा त्याची किंमत ३९५ डॉलर होती. आज साधे गणकयंत्र शंभर-दोनशे रुपयांत येथल्या बाजारपेठेत मिळते, आणि भ्रमणध्वनीत तर ते फुकटच बसलेले असते. म्हणजे यंत्र मुलाच्या हाती द्यावे की देऊ नये, हा निर्णय शाळेच्या हातून केव्हाच निसटला आहे. ते यंत्र मुलाने मालकासारखे वापरावे की नोकरासारखे, एवढेच ठरवावयाचे राहिले आहे. मालक होण्याचे शिक्षण कसे द्यावे, याचे चार खेळ सांगतो. घरी जाऊन नातवंडांबरोबर खेळून पाहावेत.

पहिला खेळ शर्यतीचा. अर्ध्या वर्गाला यंत्र द्यावे, अर्ध्याला देऊ नये. मास्तरांनी गणिते सांगावीत: पन्नास चोक किती, हजारातून एक गेला तर किती, पंचवीस सोळे किती. यंत्रवाले कळा दाबीत असतात तोच बिनयंत्रवाले उत्तर देऊन मोकळे होतात. पंचवीस म्हणजे शंभराचा पाव, सोळाचा पाव चार, म्हणून चारशे. येथे आजोबांची पावकी पुन्हा उपयोगी पडली! जेथे डोके जलद तेथे यंत्र उचलू नये, हे शहाणपण कोणताही उपदेश न करता या खेळाने येते. मग मास्तर सांगतात, ३८७ गुणिले ४९६. आता यंत्रवाले जिंकतात. पण त्याआधी प्रत्येकाने अंदाज लिहावयाचा: चारशे गुणिले पाचशे, म्हणजे दोन लाखांच्या जरा खाली. यंत्राने १,९१,९५२ दाखविले तर ठीक. १९,१९५ दाखविले तर एखादी कळ चुकली, हे मूल यंत्राला सांगू शकते. अंदाजाशिवाय कळ दाबावयाची नाही, हा आमच्या वर्गाचा पहिला कायदा.

दुसरा खेळ आकडा उडविण्याचा. यंत्रावर ५८,३७२ लिहा. एकच वजाबाकी करून आठ उडवायचा आहे, बाकीचे अंक जागेवरच राहिले पाहिजेत. पुष्कळ मुले प्रथम आठ वजा करतात, आणि पडद्यावर भलतेच येते. मग कोणाच्या तरी ध्यानात येते की तो आठ आठ नाही, आठ हजार आहे. ज्याने हिराच्या जुड्या बांधल्या आहेत, त्याच्या ध्यानात लवकर येते.

तिसरा खेळ कळ मोडल्याचा. यंत्रावरची पाचाची कळ मोडली असे समजा, आणि पस्तीस गुणिले बारा करून दाखवा. कोणी छत्तीस गुणिले बारा करून त्यातून बारा वजा करतो. कोणी सत्तर गुणिले सहा करतो. उत्तर एकच, ४२०. यंत्राने येथे मदत करण्याचे नाकारले, म्हणून मुलाला संख्येच्या पोटात शिरावे लागले.

चौथ्या खेळाला आम्ही दोन यंत्रांचे भांडण म्हणतो. साध्या गणकयंत्रावर क्रमाने दोन अधिक तीन गुणिले चार दाबा, ते वीस म्हणते. तेच भ्रमणध्वनीतल्या यंत्रावर लिहा, ते चौदा म्हणते. दोघांपैकी खोटे कोण? साधे यंत्र हाती आले तसे करीत गेले. दुसऱ्याने गुणाकार आधी केला, कारण लिहिलेली पदावली सोडविण्याचा तसा संकेत आहे. शाळेत 'कंचेभागुबेव' म्हणून घोकलेला नियम मुलांना कंटाळवाणा वाटतो. त्याच्यावाचून दोन यंत्रांचे भांडण मिटत नाही असे दिसले, की त्याची गरज पटते.

हात आणि यंत्र एकत्र आले म्हणजे काय होते, याची आता दोन उदाहरणे.

यंत्रावर एक भागिले तीन करा. शून्य दशांश चिन्ह तीन तीन तीन असे पडदा भरून येते. त्यालाच तिनाने गुणा. साध्या यंत्रावर एक येत नाही, ०.९९९९९९९ येते. थोडे कोठे गेले? आता कागदाची पट्टी घ्या आणि तीन सारख्या घड्या घाला. तीनही भाग उलगडले की पट्टी पूर्ण, कणभर कमी नाही. मग यंत्र चुकले काय? ते चुकले नाही. त्याच्या पडद्यावर जागा संपली, म्हणून त्याने शेपूट कापले. एक तृतीयांश ही संख्या पट्टीत सहज मावते, पण यंत्राच्या पडद्यावर कधीच मावत नाही. हे पाहिलेल्या मुलाला अपूर्णांक आणि दशांश यांतला भेद वेगळा शिकवावा लागत नाही.

दुसरे उदाहरण वर्तुळाचे. परीघ भागिले व्यास म्हणजे बावीस सप्तमांश, हे आपण सर्वांनी घोकले आहे. आपणांपैकी किती जणांनी ते मोजले आहे? वर्गात ताट, वाटी, बादली, सायकलचे चाक, कंदिलाची काच आणा. सुतळी गुंडाळून परीघ घ्या, पट्टीने व्यास घ्या. पूर्वी येथे गाडी अडत असे, कारण नंतरचे भागाकार दशांशांचे. एक भागाकार करण्यात तास सरे, आणि मुलांना वस्तुस्थितीऐवजी भागाकाराचाच घाम आठवे. आता भागाकार यंत्राकडे द्या. पाऊण तासात फळ्यावर तीस उत्तरे जमतात: ३.१, ३.२, ३.१५, ३.१२. वाटी असो की चाक असो, सगळी उत्तरे त्याच एका जागेभोवती घोटाळतात, हे मुले डोळ्यांनी पाहतात. मग बावीस भागिले सात यंत्रावर करावे, ३.१४२८५७१ येते. ३५५ भागिले ११३ करावे, ३.१४१५९२९ येते, आणि ते खऱ्या संख्येच्या कितीतरी अधिक जवळ आहे असे सांगावे. सुतळीने जे शिकविले ते यंत्राला शिकविता आले नसते, आणि यंत्राने जो वेळ वाचविला तो सुतळीला वाचविता आला नसता.

एका शाळामास्तरांची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे १९०५ साली डहाणूस जन्मले आणि १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. संख्यांशी खेळणे हा त्यांचा छंद. ते ज्या वर्षी देवळालीस गेले तेच वर्ष घेऊ: १९३०. अंक उतरत्या क्रमाने लावले तर ९३१०, चढत्या क्रमाने ०१३९. वजा करा, ९१७१ उरतात. पुन्हा तसेच करा: ९७११ उणे ११७९, बरोबर ८५३२. पुन्हा: ८५३२ उणे २३५८, बरोबर ६१७४. आता आणखी एकदा: ७६४१ उणे १४६७, पुन्हा ६१७४! चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, अशा फार तर सात पायऱ्यांत ती ६१७४ वर येऊन थांबते. कापरेकरांना हे यंत्रावाचून सापडले. त्यांच्या हयातीत घरच्या विद्वानांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी एका अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जग त्यांना ओळखू लागले. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. पाचवीच्या वर्गात हा खेळ दिला, तर जी मुले वजाबाकीची पाच गणिते करताना जांभया देतात, तीच वीस वजाबाक्या राजीखुशीने करतात. पहिले दोन दिवस पाटीवर कराव्यात. तिसऱ्या दिवशी यंत्र द्यावे आणि विचारावे, तीन अंकी संख्यांचे काय होते? त्या ४९५ वर येतात, हे मुलांनी स्वतः शोधावे. शोधाचा आनंद दहाव्या वर्षी चाखलेले मूल गणिताला भीत नाही.

आता अगदी आपल्या दारातले बोलू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढले, आणि दुपारच्या काही तासांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. ते दुःख आम्ही आपणांस सांगण्याची आवश्यकता नाही. त्यानंतर सरकारने फळबागांच्या मदतीचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजारांवर नेला. आकडा मोठा वाटतो. वर्गात मुलांना विचारा, गुंठ्याला किती? हेक्टर म्हणजे शंभर आर, आणि आपण आरालाच गुंठा म्हणतो. म्हणून गुंठ्याला ५०० रुपये. आपल्याकडच्या वाड्या हेक्टरांत नसतात, गुंठ्यांत असतात. म्हणूनच मदत झाडांच्या संख्येवर द्यावी, अशी मागणी बागायतदारांनी केली. या दोन हिशेबांत फरक किती, हे मुलांनी करून पाहावे. पोफळीच्या दोन रोपांत २.७ मीटर अंतर ठेवावे असे कृषितज्ज्ञ सांगतात. शाळेच्या पटांगणात दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन आखावा, म्हणजे एक गुंठा झाला, आणि त्यात त्या अंतरावर सुपाऱ्या मांडाव्या. एका झाडाच्या वाट्याला २.७ गुणिले २.७, म्हणजे ७.२९ चौरस मीटर जागा येते. शंभराला त्याने भागले की यंत्र १३.७ सांगते. पण आखलेल्या चौकोनात पाव झाड लावता येत नाही. कडा कशा धरायच्या? कोणाच्या चौकोनात सोळा बसतात, कोणाच्या नऊ. यंत्राचे उत्तर आणि जमिनीचे उत्तर वेगळे का, यावर वर्गात वाद होतो, आणि तो वाद म्हणजेच गणित. मग झाडामागे ५० रुपये दर धरला तर गुंठ्याला किती झाडे असता दोन्ही हिशेब सारखे पडतात? दहा. तेरा झाडे असतील तर ६५०, म्हणजे झाडांचा हिशेब बागायतदाराला बरा. आठवीतल्या मुलाला हे करता आले, तर पुढे पंचनाम्याचा कागद वाचताना त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

यापुढचा हिशेब आमच्या भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावा. कोणी म्हणतो, बारा हजार देतो, बारा हप्त्यांत फेडा, व्याज महिना दोन टक्के. बारा सुपाऱ्या पुढ्यात घ्या, प्रत्येक सुपारी म्हणजे हजार रुपये. महिना संपला की एक सुपारी सावकाराला परत. पहिल्या महिन्यात बारा सुपाऱ्या आपल्याकडे होत्या, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात दहा, शेवटच्या महिन्यात एक. जेवढ्या सुपाऱ्या आपल्याकडे राहिल्या तेवढ्यांवरच व्याज देणे रास्त. त्या रांगा एकाखाली एक मांडल्या की जिना होतो. तसाच दुसरा जिना उलटा करून त्याला जोडला की बारा बाय तेराचा चौकट तयार होतो, १५६ सुपाऱ्यांचा. त्याचा निम्मा ७८. म्हणजे ७८ हजारांवर एका महिन्याचे दोन टक्के व्याज, १,५६० रुपये. पण पुष्कळदा व्याज आकारले जाते ते बाराही महिने पुऱ्या बारा हजारांवर: दरमहा २४०, वर्षाचे २,८८०. दर तोच, 'दोन टक्के'. रक्कम जवळजवळ दुप्पट! यात कोणी खोटे बोललेले नाही. ज्याला जिना मांडता येत नाही, त्याने निमूटपणे जादा पैसे भरावे, एवढेच. सुपाऱ्यांशिवाय हे दिसले नसते, आणि मोठ्या रकमेला, मोडक्या टक्क्यांना, यंत्राशिवाय ते करवले नसते.

आता आजोबांच्या आक्षेपाचे उत्तर. १९८० साली अमेरिकेतल्या गणितशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने सर्व इयत्तांत गणकयंत्रे वापरावी अशी शिफारस केली, तेव्हा तेथेही हाच गलका झाला. १९८६ साली हेम्ब्री आणि डेसार्ट या दोघांनी तोवर झालेले ७९ अभ्यास एकत्र करून तपासले. नेहमीच्या शिकवणीच्या जोडीला यंत्र वापरणाऱ्या मुलांची कागद-पेन्सिलीची आकडेमोड बिघडली नाही, बहुधा सुधारली, आणि गणिताविषयीचे त्यांचे मतही बरे झाले, असे त्यांस दिसले. परंतु चौथ्या इयत्तेत सततच्या वापराने मूलभूत कौशल्य मागे पडल्याचेही त्यांनीच नोंदविले आहे. म्हणजे आजोबांची भीती अगदी निराधार नव्हती. तिला एक वय आहे, एक मर्यादा आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे. चौथीपर्यंत हीर, चिंचोके, सुपारी, कागद यांचे राज्य असावे. यंत्र दिसलेच तर खेळापुरते. पाचवीपासून आठवड्यातला एखादा तास यंत्राला द्यावा, आणि त्यात अंदाज आधी, कळ नंतर. पाढे आणि तोंडी हिशेब रोज. परीक्षेत यंत्र चालत नाही हे आम्हांस माहीत आहे. म्हणून तर यंत्राच्या तासाला मुलाची संख्येशी जी ओळख वाढते, तीच परीक्षेत त्याच्या उपयोगी पडणार आहे.

यास खर्च किती? दहा साधी यंत्रे, चार मुलांत एक. सगळी मिळून दोन हजार रुपयांच्या आत. बाकीचे साहित्य तर वाडीत पडलेले आहे. खर्च आहे तो शिक्षकाच्या वेळेचा आणि पालकांच्या धीराचा. वर्गात सुपाऱ्या मांडलेल्या दिसल्या, गलबला ऐकू आला, वही कोरी दिसली, तर "आज शाळेत काही शिकविले नाही" असा निवाडा लगेच देऊ नये. घरी मुलाला "किती मार्क पडले?" असे विचारण्याआधी "अंदाज किती होता?" असे एकदा विचारून पाहावे.

हे गाव हिशेबाला अनोळखी नाही. येथूनच निघालेले बाळाजी विश्वनाथ १७१३ साली पेशवे झाले, आणि १७१९ साली चौथाई आणि सरदेशमुखी यांच्या सनदा घेऊन दिल्लीहून परतले. चौथाई म्हणजे पाव, सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा. एक पट्टी घेऊन तिचे वीस भाग करा, पाच भाग चौथाईचे आणि दोन सरदेशमुखीचे, मिळून विसांत सात. ज्या गावच्या माणसाने अपूर्णांकांवर राज्याचा वसूल बांधला, त्या गावच्या मुलाने अपूर्णांकांना भ्यावे, हे आम्हांस पटत नाही. आपणांसही पटू नये, एवढीच विनंती.